दातांचा मामा

आमच्या घरात कुणाच्याही बाळाला पहिला दात आला, की एक गोष्ट हटकून निघते. "आपल्याकडे एक विणकर मामा होता. बाळाला वरचे दात आधी आले, तर हा माग टाकून गाव सोडून पळाला." सांगणारं माणूस बदलतं, गोष्ट तीच राहते. 'माग टाकून' या शब्दांवर सगळे हसतात. मीही हसत आलो आहे. ज्यांची ही गोष्ट आहे ते पळाले नव्हते, हे मला अगदी सुरुवातीपासून माहीत आहे. गेल्या महिन्यापर्यंत ते माहीत असलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

ज्यांनी ही समजूत ऐकलेली नसेल त्यांना सांगतो. बाळाचे खालचे दात आधी यावेत. वरचे आधी आले तर ते मामाला जड जातात, असं आमच्याकडे म्हणायचे. मग मामानं बाळाला एक वाटी आणि नवं कापड द्यायचं, म्हणजे जड उतरतं.

आम्ही तेव्हा इतवारीच्या मागच्या एका गल्लीत राहत होतो. वडील सचिवालयात कारकून होते. नागपूर अजून जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि आमच्या गल्लीतले कारकूनसुद्धा त्या तोऱ्यात सायकल चालवायचे. आवारात तीन बिऱ्हाडं. फाटकाजवळच्या खोलीत हे विणकर एकटे राहत. खोलीत खड्ड्याचा माग होता. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, त्यामुळे दारातून पाहिलं तर माणूस कमरेपर्यंत जमिनीत पुरल्यासारखा दिसे. माझा धाकटा भाऊ त्यांना अर्धाच माणूस समजायचा. एकदा ते त्याच्यासमोर उठून उभे राहिले, तर तो रडत घरात आला. ते चांगले उंच होते. इतका माणूस त्या खड्ड्यात ठेवलेला असतो, याचं मला पुढेही नवल वाटत राहिलं.

नव्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "तुमचा मामा कोठचा?" पोस्टमनला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, चौकशीला आलेल्या एका पोलिसालाही विचारलं. त्या पोलिसानं वर्ध्याचा म्हणून सांगितलं आणि मग बराच वेळ उंबऱ्यावर बसून त्या मामाबद्दल बोलत राहिला. कशाची चौकशी करायची ते विसरून गेला. नाव, जात, नोकरी यांत त्यांना रस नव्हता. म्हणायचे, "बाप तं सर्वायलेच असते. माणूस पाहाचा असन तं त्याचा मामा पाहा लागते."

"तुमचा मामा कुठला?" असं मी एकदा उलटं विचारलं.

"उमरेडचा," ते म्हणाले, आणि सुताचा धोटा मागावर इकडून तिकडे फेकला. त्यापुढे काही नाही. या उत्तराच्या मागे काय होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. हाती काही लागलेलं नाही.

त्यांच्या खोलीत खिळ्याला एक काळा कोट आणि लाल फेटा टांगलेला असे. त्याला ते 'मामाचा कोट' म्हणत. कुणाच्या लग्नात मामाची गाडी चुकली, कुणाचा मामा रुसून बसला, की लोक धावत यांच्याकडे येत. हे मागावरून उठत, हात धूत, कोट चढवत आणि मामा होऊन जात. नवरीला मामानं मांडवात आणायचं असतं. हे काम ते इतक्या गंभीरपणे करत, की मुलीची आई खऱ्या भावाला विसरून यांच्याकडे पाहत राही. पण ते सगळं एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी तीच माणसं बाजारात भेटली तर मान वळवून निघून जात. ते तक्रार करत नसत. कोट झटकून परत खिळ्याला लावत.

आमच्याकडे ते आले भाऊबीजेला.

माझ्या आईला भाऊ नव्हता. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तशी तीही ओवाळायची. पण बीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढा, आणि लवकर मावळणारा. तो फाटकाबाहेरच्या लिंबामागे जायच्या आत ताट घेऊन अंगणात यायचं, ही तिची दर वर्षीची धांदल. त्या वर्षी तर तिच्या पदरात दोन-तीन महिन्यांची मुलगी होती. आमची छकुली. माझी थोरली बहीण लग्नाची झाली होती, मी कॉलेजात गेलो होतो, आणि आईला हे उशिराचं मूल झालं होतं. त्यामुळे ती त्या वर्षी जरा लाजल्यासारखीच वावरत असे.

ती ताट ओवाळत होती आणि फाटकाजवळच्या दारातून आवाज आला. "त्याले काहून ओवाळून राहिल्या बाई? तो तं ताटात काही टाकत नाही."

आई म्हणाली, "भाऊ नाही मला."

माग थांबला. आई ताट घेऊन आत आली, तर मागोमाग ते दारात उभे. काळा कोट, लाल फेटा. आईनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांनी भिंतीला टेकवलेला पाट स्वतःच मांडला आणि त्यावर बसले. आईनं ओवाळलं. त्यांनी खिसे चाचपले, मग ताटात लाल सुताची एक कांडी ठेवली.

"आता हेच आहे, वं बाई," ते म्हणाले. "पुढच्या साली लुगडं."

ती कांडी आईनं देव्हाऱ्यात ठेवली. त्या दिवसापासून आई त्यांना भाऊ म्हणू लागली, आणि आम्ही मामा. ते मला 'भाचे' म्हणत.

ते वर्ष आमच्या घरात कार्यांचंच होतं. संक्रांतीला छकुलीचं बोरनहाण झालं. तिच्या काळ्या झबल्याचं कापड मामांनी स्वतः विणलं. बाळावर बोरं, चुरमुरे, हलवा ओततात, तेव्हा तेही तिच्या शेजारी मांडी घालून बसले. ताई म्हणाली, "अहो मामा, तुम्ही कशाला?" तर म्हणाले, "एकटीले भेव वाटन." गल्लीतली पोरं त्यांच्या फेट्यातली बोरं उचलायला त्यांच्या अंगावर चढली. छकुली खुदखुदत होती.

माघात धाकट्या भावाची मुंज. सोडमुंजीला बटू रुसून काशीला निघतो, आणि मामा 'मुलगी देतो, चल' म्हणून त्याला परत आणतो. मामा त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले. "थांब गा भाचे. काशीले नको जाऊ. पोरगी देतो."

ताईनं भावाला आधीच पढवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "तुम्हाला मुलगी आहे कुठे?"

सगळे हसले. मामा हसले नाहीत. फेट्याला हात लावून ते विचार करत उभे राहिले. "नाही," ते म्हणाले. "पण माग आहे. माग देतो तुले. चाल."

भाऊ परत आला. पाहुण्यांना तो विनोद वाटला. मामांचं हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

वैशाखात ताईचं लग्न ठरलं होतं. मामा तिच्यासाठी पिवळं लुगडं विणत होते, कारण लग्नातलं पिवळं लुगडं मामाचं असतं. याशिवाय त्यांची एक वेगळीच तयारी चालली होती. नवरीला हात धरून आणणं त्यांना मान्य नव्हतं. "हात धरून तं आंधळ्याले आणते. नवरीले उचलून आणा लागते." त्यासाठी ते सकाळी सुताचं गाठोडं दोन्ही हातांवर घेऊन आवारात फेऱ्या मारत. ताई अंगानं भरलेली. ती ओरडायची, "मामा, मी पोतं नाही."

"म्हणूनच तं," ते म्हणायचे. "पोत्याले पाडलं तं चालते."

मुंजीला सागरहून माझी आत्या आली होती, ती लग्नापर्यंत राहिली. चांगली बाई, पण तिला सगळं नियमात लागे. फाल्गुनात एक दिवस ती छकुलीला मांडीवर घेऊन बसली होती. बाळाच्या तोंडात तिनं बोट फिरवलं आणि ते तिथंच थांबलं. "वहिनी," ती म्हणाली, "हिचे वरचे आहेत गं आधी."

आईचा चेहरा पांढरा पडला. पहिलं वाक्य ती हेच बोलली, "भाऊला सांगू नका."

आत्या म्हणाली, "त्याला कशाला सांगायचं? तो का मामा आहे?"

पण लपणार किती दिवस? एकदा मामांनी छकुलीला उचललं आणि ती तोंडभर हसली. वरच्या हिरड्यांत दोन पांढरे ठिपके. मामा पाहतच राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, वरचे आहेत," मामा म्हणाले.

"हो भाऊ."

"मले जड?"

आईनं डोळे पुसले. मामांनी छकुलीला वर उचललं, आणि मला वाटतं, इतकं खूश झालेलं माणूस मी क्वचितच पाहिलं असेल. तिला खांद्यावर घेऊन ते तसेच गल्लीत गेले. पानठेल्यावर त्यांचे जातभाई संध्याकाळी उभे असत. तिथे मीही होतो. "पाहा गा," ते सांगत होते, "माह्या भाचीले वरचे दात आधी आले. मले जड आहे म्हणते." कुणी परीक्षा पास झाल्याचं सांगावं तसा तो आवाज.

एक जण म्हणाला, "तुले काय बे जड? तुले बहीणच नाही, तं भाची कोठून आली?"

मामांनी छकुलीचा ओठ बोटानं हलकेच वर केला आणि त्याला दात दाखवले. जणू तेच उत्तर होतं.

आईनं वाटी आणून ठेवली. "भाऊ, एवढी बाळाला द्या, वर हातभर कापड द्या. जड उतरून जाईल." मामा ऐकेनात. आज देतो, उद्या देतो. एकदा तिनं फारच धरलं तेव्हा म्हणाले, "उतरवाचं काहून वं बाई? असू द्या. आपल्यालेच आलं आहे ना?"

मला त्या वेळी हे निव्वळ वेडेपण वाटलं. मी विज्ञान शिकत होतो. कुणाचे दात आणि कुणाला जड, या सगळ्याचं मला हसू येई. आज वाटतं, एका दिवसाचे मामा पुष्कळ घरांत होता येतं. दात मात्र उसन्या मामाला लागत नाहीत. त्यांना हे सांगावं लागलं नसणार.

चैत्रात त्यांना ताप आला. हुडहुडी भरायची, मग अंग भाजायचं. आई घाबरली. रोज पेज करायची, नवस बोलायची, छकुलीला त्यांच्या खोलीकडे जाऊ द्यायची नाही. मामा मात्र अंथरुणावरून सगळ्यांना सांगत, "काही नाही, दातच होय." त्या सुरात काळजी नव्हती.

एक दिवस दुपारी आईनं पेज घेऊन मला पाठवलं. मागाच्या खड्ड्याशेजारीच त्यांचं अंथरूण होतं. पिवळं लुगडं मागावर अर्धं चढलेलं. मी त्यांना उठवून बसवलं. ते म्हणाले, "भाचे, बाईले सांग, रडू नको म्हणा. दात आहेत. उतरन."

मी म्हणालो, "मामा, दातांनी ताप येत नसतो. आणि ते सगळं खरं धरलं, तरी ते सख्ख्या मामाला लागतं. तुम्हाला काही होणार नाही."

त्यांनी पेजेची वाटी खाली ठेवली. "सख्ख्यालेच लागते?"

"हो. रक्ताचं असावं लागतं."

"असं होय," ते म्हणाले.

हे मी त्यांना धीर देण्यासाठी बोललो, असं लिहिलं तर ते बरंचसं खरं आहे. पण सगळं खरं नाही. आदल्याच दिवशी आत्या वडिलांना म्हणत होती, "वरपक्षाकडची माणसं विचारतील, हा मुलीचा मामा कोण, कुणापैकी? काय सांगाल?" ते मी ऐकलं होतं, आणि मलाही वाटलं होतं, की हे आपोआप मिटलं तर बरं. 'सख्ख्या' हा शब्द माझ्या तोंडात त्या दुपारी कुठून आला, याचा शोध घेतला तर तो तिथवर जातो.

ते पांघरूण ओढून भिंतीकडे वळले.

ताप आठवड्याभरात गेला. माग पुन्हा सुरू झाला, नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू लागला. गाठोडं घेऊन फेऱ्या मात्र बंद झाल्या. ताईनं विचारलं, "काय मामा, मी जड झाले का?" ते हसले. "तू तं हलकीच आहेस वं," एवढंच म्हणाले. लग्नाला काही दिवस राहिले असताना सकाळी त्यांचं दार उघडं दिसलं. कोट नव्हता, फेटा नव्हता. माग जागेवर होता. त्यावर घडी केलेलं पिवळं लुगडं, आणि लुगड्यावर हातभर कापड ठेवलेली आईची वाटी. म्हणजे अखेर जड उतरवलं होतं. आईनं वाटी हातात घेतली आणि ती उंबऱ्यावर बसली.

आत्या म्हणाली, "बघा, दातांना घाबरला. इतका की माग टाकून पळाला."

आईनं मला विचारलं, "पेज द्यायला जात होतास, तुला काही बोलले का?"

"नाही," मी म्हणालो. तसं पाहिलं तर खरंच होतं. बोललो मी होतो.

ताईनं ते लुगडं नेसलं. वडिलांच्या कचेरीतल्या एका स्नेह्यांनी तिचा हात धरून तिला मांडवात आणलं. वरपक्षानं काही विचारलं नाही. माग मुंजीतल्या शब्दाप्रमाणे धाकट्या भावासाठी ठेवलेला होता, हे मला त्या सकाळी त्यांच्या दारात उभं असतानाच कळलं होतं. भाऊ आठ वर्षांचा, तो विसरून गेला होता. बाकी कुणाला सुचलं नाही. नव्या भाडेकरूला खोली हवी होती. खड्डा बुजवला, लाकूड सरपणात गेलं.

त्या दिवाळीत ताई पहिल्या सणाला माहेरी आली. भाऊबीजेला आई ताट घेऊन अंगणात गेली आणि लिंबामागे जाणाऱ्या चंद्राला ओवाळलं. त्यानंतर ती अखेरपर्यंत चंद्रालाच ओवाळत राहिली. दातांची गोष्ट निघाली की तीही हसायची, पण एकदा एकटी असताना म्हणाली, "भाऊ घाबरला नसता, तर मीच उतरवलं असतं सगळं." तेव्हाही मी काही बोललो नाही. आपल्या भावानं बाळाच्या दोन दातांपायी आपल्याला टाकलं, असं समजतच ती गेली. माझ्यावरचं ओझं ते हेच.

त्यांची माझी एकदा भेट झाली. मधल्या काळात राजधानी गेली होती, वडिलांची बदली मुंबईला झाली होती, मी नागपुरातच शाळेत शिकवू लागलो होतो. शाळेच्या कामानं उमरेडला गेलो, आणि विणकरांच्या एका गल्लीतून जाताना दारातून तो अर्धा माणूस दिसला. केस पांढरे झाले होते. माग दुसऱ्या कुणाचा होता.

"भाचे," ते म्हणाले. उठले नाहीत. पण हसले. आईची विचारपूस केली, ताईला मुलं किती, मुंजा कितवीत आहे. मग म्हणाले, "छकुलीचे दुधाचे दात पडून राहिले असन आता."

"हो, पडताहेत."

"वरचे आधी का खालचे?"

मला माहीत नव्हतं.

"पाहत जा गा," ते म्हणाले. काही वेळ माग चालला. मग थांबवून, सुताकडे पाहतच त्यांनी विचारलं, "त्या साली मले ताप आला होता. तू शिकलेला आहेस. कशाचा होता गा तो?"

हा प्रश्न इतक्या वर्षांनी त्यांनी का विचारला, हे मला त्याच क्षणी समजलं होतं. मला एकच शब्द म्हणायचा होता, 'दातांचा'. पण मी मास्तर होतो. मी म्हणालो, "हुडहुडी भरून यायचा ना? हिवताप असणार."

"हिवतापच असन," ते म्हणाले. धोटा पुन्हा धावू लागला. मी निघालो तेव्हा त्यांनी हात वर केला, मान वर केली नाही.

गेल्या महिन्यात छकुलीच्या नातीला दात आला. सगळे जमले, आणि गोष्ट निघाली. 'माग टाकून' आलं, हसू झालं. मी म्हणालो, ते पळाले नव्हते. मग जे वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, आजोबा, इतक्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलात.

छकुली आता सत्तरीची आहे. तिचे सगळे दात कवळीचे. तिला मामा आठवत नाहीत, आठवणं शक्यच नाही. तिनं विचारलं, "दादा, मग माझे दात त्यांना लागले की नाही?"

मी म्हणालो, "लागले."

ती म्हणाली, "म्हणजे सख्खेच होते की. तसं लिहून ठेव."